वाहतूक परवाना कोणाच्या हाती?

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो बाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याकडेच राहिला; त्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. आपल्या शाळांतले, ग्रामपंचायतींतले राउटर मला त्या अडकलेल्या बांबूसारखे वाटतात. पैसे आपले, भिंत आपली. आतलं सॉफ्टवेअर कधी सुधारायचं आणि कधी वाऱ्यावर सोडायचं, हे मात्र कंपनी ठरवते. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीत अडगळीत पडलेल्या संगणकांवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं फुकट, खुलं सॉफ्टवेअर टाकून त्यांनाच राउटर करावं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

पहिला आक्षेप विजेचा, आणि तो खरा आहे. ६० वॅटचा डेस्कटॉप अखंड चालला तर महिन्याला ४३ युनिट जळतात. तेव्हा डेस्कटॉप नकोच, जुना लॅपटॉप घ्या. स्क्रीन बंद ठेवली तर १५ वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिट. बॅटरीत थोडा जीव असेल तर वीज क्षणभर गेल्याचं त्याला कळतही नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बॅटरी फुगली असेल तर मात्र आधी काढून टाका आणि पंख्यातली धूळ झाडा.

लॅपटॉपच्या लॅन पोर्टात फायबरच्या मोडेमकडून येणारी वायर, यूएसबीच्या लॅन अडॅप्टरमधून दुसरी वायर जुन्या राउटरकडे. तो आता फक्त वायफाय देतो. शेजारी फोर-जी डोंगल. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की एमवॅन३ हे पॅकेज सगळी वाहतूक डोंगलवर वळवतं. एकाने लग्नाचे फोटो चढवायला घेतले की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो, कारण राउटरमध्ये डेटाची लांबलचक रांग साचते. एसक्यूएम हे दुसरं पॅकेज ती रांग आखूड ठेवतं. दीड हजारांच्या विकतच्या राउटर-डब्यात या दोन्ही सोयी सहसा नसतात.

‘फुकटचं ते असुरक्षित’ हे तर साफ चूक. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या मालवेअरने जगभरातली किमान ५ लाख उपकरणं पोखरली, त्यांत नामांकित कंपन्यांचे विकतचे राउटर होते. ओपनडब्ल्यूआरटीचा कोड कोणालाही तपासता येतो. अपडेट मात्र आपणच करायचे, त्यात आळस चालणार नाही.

आणि बिघडलं तर? बंद डबा बिघडला की तो फेकण्यापलीकडे सहसा उपाय नसतो. लॅपटॉपची रॅम, डिस्क तालुक्याच्या दुकानातला पोरगा बदलतो. सगळी मांडणी एका छोट्या फाइलमध्ये मावते. तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, ओपनडब्ल्यूआरटी आणि तीच पॅकेजं टाकलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर चढवा, पोर्टांची नावं जुळवून घ्या. दुपारच्या सुट्टीत गेलेलं नेट शाळा सुटायच्या आत परत येतं.