रोलरवरची गाडी आणि कोकणे चौकातला चालक

गाडीच्या जाहिरातीत छापला जाणारा प्रतिलिटर किलोमीटरचा आकडा आणि तीच गाडी पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकातून, जगताप डेअरीवरून, वाकडमार्गे रोज सकाळी हिंजवडीस नेणाऱ्या मनुष्याच्या पदरात प्रत्यक्ष पडणारे ॲव्हरेज, या दोहोंमध्ये जे अंतर राहते त्याचा दोष कोणी कारखानदाराच्या लबाडीवर टाकतो, कोणी पेट्रोलपंपाच्या मापावर, तर कोणी रस्त्यातील खड्ड्यांवर. परंतु त्याचे मूळ याहून पुष्कळ खोल, म्हणजे मनुष्याच्या वर्तनाची प्रतिकृती तयार करण्याच्या शास्त्रीय पद्धतीत आहे, आणि ज्या पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यातील हजारो कुटुंबांची चूल वाहनांच्या धंद्यावर पेटते, तेथील नागरिकांनी तरी ते नीट समजून घेतले पाहिजे.

वाहनाच्या धुराची व इंधनाची सरकारमान्य चाचणी मुख्यतः रस्त्यावर नव्हे, बंद खोलीत होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ या नावाने सर्वश्रुत असलेली, १९६६ साली स्थापन झालेली जी वाहन-संशोधन संस्था आहे, आणि जिचे केंद्र चाकणलाही आहे, तेथे गाडीची चाके रोलरवर चढवितात. गाडी जागच्या जागी धावते, आणि रोलर तिला तेवढाच विरोध करतो जेवढा खऱ्या रस्त्याने व वाऱ्याने केला असता. हा विरोध किती असावा हे ठरविण्याची रीत पाहिली की पदार्थविज्ञानाविषयी आदर वाढल्याशिवाय राहत नाही. सपाट, सरळ मार्गावर गाडीला वेग द्यावयाचा, गिअर काढून ती आपोआप मंदावू द्यावयाची, आणि वेग कोणत्या क्षणी किती उतरला याची नोंद करावयाची; त्या नोंदीवरून टायरांच्या घर्षणाचा बहुतांशी स्थिर राहणारा भाग आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा हवेचा भाग, असे दोन्ही वेगवेगळे काढता येतात. दोन-तीन अंकांत गाडीचे सारे चरित्र येते, आणि ते अंक रस्त्याशी इमान राखतात. कारण आपली परीक्षा चालू आहे हे हवेला कळत नाही, आणि टायर परीक्षकाचा मान राखण्यासाठी कमी घासत नाही.

पण रोलरवर गाडी चालवावयाची कशी? येथे पदार्थविज्ञानाची हद्द संपते आणि मानवी वर्तनाच्या अभ्यासाची सुरू होते. चालकासमोरील पडद्यावर वेगाची एक रेषा सरकत असते आणि अत्यल्प सवलतीच्या आत राहून त्याने तिचा पाठलाग करावयाचा असतो. याच रेषेला चालन-चक्र म्हणतात. आपल्या देशासाठी जे भारतीय चालन-चक्र आखले गेले ते १०८ सेकंदांचे होते. सहा वेळा फिरविले की ६४८ सेकंदांत ३.९४८ किलोमीटरचे अंतर पडे, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर. त्या काळच्या शहरी रहदारीचे हे चित्र प्रामाणिक होते असे मी मानतो. पुढे मोटारींसाठी युरोपीय चक्रात फेरफार करून, त्यातील ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा ९० वर आणून, सुधारित भारतीय चक्र लागू झाले. आणि दुचाकीही पुढे जागतिक मोटारसायकल चक्रावर गेल्या. दुचाकीच्या चाचणीत गाडीवर बसलेला स्वार ७५ किलो वजनाचा आणि एकटा असतो. पिंपळे सौदागरच्या संध्याकाळी, पुढे शाळेचे दप्तर, मध्ये मूल, मागे पत्नी आणि तिच्या हातात भाजीची पिशवी अशा थाटाने गतिरोधकामागून गतिरोधक ओलांडणारा जो गृहस्थ मला रोज दिसतो, त्याचा त्या खोलीशी काडीइतकाही परिचय नाही.

कोणी म्हणेल, सरलीकरणाशिवाय शास्त्र नाही. आणि ते खरेच आहे. सर्व गाड्यांची तुलना एकाच मापाने व्हावयाची तर एकच चक्र हवे, अन्यथा प्रत्येक कारखानदार आपापल्या सोयीचा रस्ता निवडील. माझा आक्षेप सरलीकरणावर नाही. आक्षेप एवढाच आहे की प्रतिकृतीचा जो अर्धा भाग जड वस्तूंचा आहे तो प्रत्येक नव्या गाडीसाठी पुन्हा मोजला जातो, आणि जो अर्धा भाग माणसांचा आहे तो एकदा आखला की वर्षानुवर्षे गोठवून ठेवला जातो. वस्तुतः या दोहोंत झपाट्याने बदलणारा आहे तो दुसराच.

ही गफलत किती महाग पडते याचा दाखला सप्टेंबर २०१५ मध्ये साऱ्या जगाने पाहिला. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींतील संगणक-प्रणाली आपण चाचणीत आहोत की रस्त्यावर हे ओळखीत असे आणि त्याप्रमाणे धुराचे नियंत्रण बदलीत असे, हे अमेरिकेत उघड झाले. चाकणला कारखाना असलेल्या याच समूहाच्या भारतातील गाड्यांची एआरएआयने रस्त्यावर तपासणी केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. भारतातील मानकांचा भंग झालेला नाही, ही कंपनीची भूमिका मात्र कायम होती. आणि न्याय-अन्यायाचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला तरी या भूमिकेने आपल्या कायद्यातील उणीव स्वच्छ दाखविली, कारण रस्त्यावरील धुरासाठी त्या वेळी आपल्याकडे मानकच नव्हते. निर्जीव वस्तूला परीक्षा ओळखता येत नाही या विश्वासावर उभी राहिलेली पद्धत, वस्तूच्या आत माणसाची हिकमत शिरताच कोलमडली.

मोजमापात माणसाचे वर्तन शिरते तेव्हा काय करावे, या प्रश्नाचा विचार महाराष्ट्राच्या मातीत पूर्वी झालेला आहे, आणि तो मोटारींच्या नव्हे, शेताच्या निमित्ताने. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-उत्पन्नाच्या अंदाजाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा महसूल खात्याचा कारभार बहुतांशी नजरअंदाजाच्या आणेवारीवर चालत असे. तिच्या जागी शेतातील यदृच्छेने निवडलेला तुकडा कापून धान्य तोलावे, ही नवी रीत येऊ लागली होती; परंतु तुकडा किती मोठा असावा? दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा कौल, खर्चाचा विचार करता, लहान वर्तुळांकडे होता. सुखात्मे यांनी दाखविले की वर्तुळ जितके लहान तितके उत्पन्न फुगून दिसते. कारण सीमेवर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो, आणि लहान वर्तुळात क्षेत्राच्या मानाने सीमाच फार असते. तराजू बिनचूक, धान्य खरे, हिशेब निर्दोष, आणि तरीही उत्तर चुकीचे! चूक शिरली ती मोजणाऱ्या माणसाच्या स्वाभाविक वर्तनातून, आणि सुखात्मे यांचे मोठेपण हे की तिला नशिबाचा फेरा न समजता त्यांनी तिचेही मोजमाप केले.

उत्तरायुष्यात पुण्यात त्यांचा अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी जो वाद झाला तोही याच जातीचा होता. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दरडोई दररोज २२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली. सुखात्मे यांचे म्हणणे असे की एकाच निरोगी मनुष्याचा आहार व शक्तिव्यय, वजन न घटता, आठवड्यागणिक खालीवर होत असतो, तेव्हा सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी मोजणे चूक आहे. दांडेकरांनी त्यांना निकराने विरोध केला, आणि भुकेसारख्या प्रश्नात उपाशी माणूस गणनेतून निसटण्याचे भय त्यांना अधिक वाटावे हे मला समजते. पण मनुष्य स्वतःच्या सरासरीभोवतीदेखील हलत असतो, हा मुद्दा त्या वादातून कायमचा पदरात पडला. सोमवारी सकाळी उशीर झालेला चालक आणि रविवारी सायंकाळी सहकुटुंब निघालेला तोच चालक हे शास्त्राच्या दृष्टीने दोन निराळे नमुने आहेत, आणि एका रेषेत त्यांना बसविणारे चक्र दोघांवरही अन्याय करते.

सुधारणेचा आरंभ झाला आहे, हे सांगितले पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ या धुराच्या मानकांच्या दुसऱ्या टप्प्यात नव्या मोटारींवर धूर मोजण्याची फिरती यंत्रणा चढवून त्यांना खऱ्या रहदारीत चालवून पाहणे सक्तीचे झाले. परंतु आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक संख्या ज्यांची, त्या दुचाकी अद्याप रोलरवरच राहिल्या आहेत. म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने दुचाकींसाठी रस्त्यावरील चाचणीची तजवीज करावी. चालन-चक्रे ज्या नोंदींवरून आखली जातात त्या प्रतिसेकंद वेगाच्या नोंदी जनतेस खुल्या कराव्यात, आणि ठराविक मुदतीने नव्याने घ्याव्यात. जाहिरातीतील प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या चक्रावर व किती भार ठेवून काढला हे तितक्याच ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही आपल्या चौकांतील वेगाची व थांब्याची मोजणी करून ती प्रसिद्ध करावी, म्हणजे पुढचे चक्र आखणाऱ्यांपुढे कोकणे चौकाचीही साक्ष असेल. आणि वाचकहो, ते होईपर्यंत टाकी काठोकाठ भरून किलोमीटरची नोंद करा, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते लिहा, आणि नवी गाडी घेताना विक्रेत्याला किती देते एवढे विचारून थांबू नका. कोणत्या चक्रावर देते, हेही विचारा.