पोहण्याचा हंगाम आणि आटलेले पाणी: नांदेड-लातूरच्या तलावांत उतरण्याआधी काय पाहाल?

मराठवाड्यातली मुले पोहायला शिकतात ती एप्रिल-मेमध्ये. परीक्षा संपलेल्या असतात, पारा चाळिशी ओलांडतो आणि पाठीला डबा बांधून विहिरीत, पाझर तलावात किंवा कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यात उड्या सुरू होतात. अडचण एकच. याच दोन महिन्यांत आपल्याकडचे पाणी वर्षातले सर्वांत कमी, सर्वांत कोमट आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत खराब असते. नाल्याचे सांडपाणी तेवढेच येत राहते, ते पातळ करणारे पाणी मात्र आटलेले असते.

कोणी बुडाले तर त्याची बातमी होते. पोहून आल्यावर आठ दिवसांनी ताप आला, कान फुटला, जुलाब लागले, तर त्याचा आणि तलावाचा संबंधही कोणी जोडत नाही.

नांदेडचेच पाहा. गोदावरी आधी विष्णुपुरीच्या जलाशयात थांबते आणि मग शहराला लागते. नदी एकच, पण पाणी दोन प्रकारचे. जलाशयातले पाणी शहराच्या वरच्या बाजूचे. नगिनाघाट, बंदाघाट, गोवर्धन घाटापर्यंत येताना त्यात शहरातल्या नाल्यांचे पाणी मिसळलेले असते. घाटावर श्रद्धेने डुबकी घेणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी कळत नाही. म्हणून जलाशयातच पोहावे, असा याचा अर्थ नाही. ते नांदेडच्या पिण्याचे पाणी आहे आणि तिथे दरवाजे, पंप यांचा धोका वेगळाच.

लातूरची गोष्ट पाण्याच्या प्रमाणाची. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे लातूरकर विसरलेले नाहीत. ज्या वर्षी धरण तळाला जाते, त्या वर्षी मांजरेवरील साई, नागझरीसारख्या बंधाऱ्यांत उरते ते साचलेले पाणी. त्यात म्हशी डुंबतात, तिथेच कपडे धुतले जातात आणि मुले उड्या मारतात.

स्वच्छ म्हणजे नेमके किती स्वच्छ?

उघड्यावर अंघोळ करण्याच्या, पोहण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशात मानक ठरलेले आहे. सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलीग्रॅम, जैविक प्राणवायूची मागणी जास्तीत जास्त ३ मिलीग्रॅम. पण पोहणाऱ्याच्या कामाचा आकडा वेगळा आहे: विष्ठेतून येणारे कोलिफॉर्म जिवाणू. १०० मिलीलिटरमध्ये ते ५०० पर्यंत असावेत आणि कोणत्याही स्थितीत २,५०० च्या वर जाऊ नयेत. हे जिवाणू स्वतः फार त्रास देतातच असे नाही. मात्र ते सापडले, म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात आली आणि तिच्यासोबत कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रोचे जंतूही येऊ शकतात.

गावात जलजीवन मिशनच्या किटमधली जिवाणू तपासणीची बाटली असते. ती पिण्याच्या पाण्यासाठी ठीक. उघड्या तलावाचे पाणी तिच्यात घातले तर ती जवळपास नेहमीच काळी पडणार. इथे जिवाणू आहेत की नाहीत एवढे कळून भागत नाही, किती आहेत ते कळावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी.

नद्यांचे नमुने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ तपासते, आकडे संकेतस्थळावरही येतात. पण पायरीवर कपडे काढणारा माणूस संकेतस्थळ उघडून बसत नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार पोहण्याच्या प्रत्येक मान्य जागेवर पाण्याची प्रत लिहिलेला फलक लावावा लागतो. पॅरिसमध्ये सीन नदी शंभराहून अधिक वर्षांच्या बंदीनंतर जुलै २०२५ मध्ये पोहण्यासाठी खुली झाली. तिथेही पावसाने पाणी बिघडले की त्या जागा तात्पुरत्या बंद करतात. आपल्याकडे ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ एवढाच फलक असतो आणि त्याच्याच सावलीत कपडे ठेवून लोक पोहतात. त्यापेक्षा घाटावर आणि वर्दळीच्या बंधाऱ्यांवर शेवटच्या तपासणीची तारीख आणि कोलिफॉर्मचा आकडा लिहावा. महापालिका, जलसंपदा विभाग आणि ग्रामपंचायतींना हे काम जड नाही. आकडा लाजिरवाणा निघेल ही भीती असेल, तर तो लिहिण्याचे ते आणखी एक कारण समजावे.

तोवर पोहणाऱ्याने काय करावे?

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला तर उतरू नका; ते नील-हरित शैवाल असू शकते, त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि जनावरांनाही ते पाणी पाजू नये. जलपर्णी माजली असेल तर वर कुठेतरी सांडपाणी येते आहे, असे धरून चाला. पहिल्या जोरदार पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा, कारण काठावरची सारी घाण त्याच पाण्याने आत येते. अंगावर जखम असेल तर पाण्याबाहेरच बरे. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो जखमेतून शिरतो.

नाक जपा. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये नेग्लेरिया या अमिबामुळे मेंदूज्वराचे रुग्ण आढळले, त्यात मुलेही होती. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात हा अमिबा वाढतो. ते पाणी पिऊन काही होत नाही, नाकात जोरात शिरले तर तो मेंदूपर्यंत जातो आणि त्यातून वाचणारे फार थोडे. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मे महिन्यातल्या गुडघाभर गरम पाण्यात सूर मारणे आणि तळाचा गाळ ढवळणे टाळलेलेच बरे.

गाळाचेच आणखी एक. ‘गाळमुक्त धरण’ योजनेत तलावांतून पोकलेनने गाळ काढला गेला, शेतांना त्याचा फायदाही झाला. पण तळात उभ्या कडांचे खड्डे राहिले असतील, तर पाणी भरल्यावर ते दिसत नाहीत. गोदावरीत वाळूउपशाने तेच झाले आहे. मागच्या वर्षी कमरेएवढे असलेले पाणी यंदाही तेवढेच असेल, हे गृहीत धरू नका.

आणि पोहून आल्यावर दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर तलावात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लेप्टोवर साधी प्रतिजैविके चालतात, ती लवकर सुरू झाली पाहिजेत.