लेकाचा समुद्र आणि नायट्रेटचा हिशेब

ठाण्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी आहे, पण थोडक्यात हकीकत अशी. लेकाने नऊ वर्षं हौसेने सांभाळलेली खाऱ्या पाण्याची ६०० लिटरची टाकी. आत मऊ प्रवाळ, दोन टँग, क्लाउनफिशची जोडी आणि आणखी पाच-सहा मासे. जूनमध्ये लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि टाकी आईच्या गळ्यात पडली. आता काचेवर तपकिरी थर धरतो, प्रवाळ अर्धे मिटलेले असतात आणि नायट्रेटचा आकडा ८० आला आहे. दुकानदार म्हणतो, सगळं पाणी एकदम बदला. यजमान म्हणतात, टाकी विकून मोकळ्या व्हा. “दिवाळीला तो येईल तेव्हा त्याला काय तोंड दाखवू?” असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे.

ताई, दिवाळीला अजून अडीच महिने आहेत. टाकी विकू नका, आणि दुकानदाराचं तर मुळीच ऐकू नका. आमच्याकडे अशी टाकी आली ती आमच्या ह्यांच्या हौसेने. पहिल्याच वर्षी आकडा चढला म्हणून मी एका रविवारी घाईघाईने अर्धं पाणी बदललं. मीठ नीट विरघळलं नव्हतं, पाणी टाकीपेक्षा गार होतं. संध्याकाळपर्यंत आमचं लेदर कोरल आक्रसून गेलं ते पुन्हा काही उघडलं नाही. नायट्रेट मात्र अगदी निम्मं झालं होतं! महिनोन् महिने चढत गेलेल्या आकड्याला प्राण्यांनी कसंबसं जुळवून घेतलेलं असतं. त्यांना मारतो तो बहुधा आपला एका दुपारचा उत्साह.

हे नायट्रेट येतं कुठून? आपण घालतो त्या खाण्यातूनच. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं त्या मानाने सोसण्यासारखं. पण टाकीत साखळी इथेच अडते. नायट्रेटचा वायू करून सोडणारे जिवाणू प्राणवायू कमी असेल तिथेच ते काम करतात, म्हणजे सच्छिद्र दगडांच्या पोटात किंवा वाळूच्या खोल थरात. तेवढी जागा घरच्या टाकीत अपुरी पडते. खऱ्या प्रवाळ समुद्रात नायट्रेट लिटरमागे एक मिलिग्रॅमच्याही पुष्कळ खाली असतं. ते वाढलं की प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं माजतात आणि प्रवाळाचा रंग तपकिरी पडतो.

आधी तुमचा ८० हा आकडा खरा आहे का, ते पाहा. कित्येक किटमधली दुसरी बाटली चांगली अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, तळाशी पूड बसलेली असते. काही किट ‘नायट्रेट-नायट्रोजन’ दाखवतात, त्यांच्या आकड्याला साधारण ४.४ ने गुणलं की आपल्या बोलण्यातला नायट्रेटचा आकडा मिळतो. रंग फारच गडद आला तर टाकीचं पाणी शुद्ध पाण्यात निम्मं मिसळून पुन्हा तपासा आणि उत्तर दुप्पट धरा.

आता हिशेब. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या बाईला तो सांगायला नको, पण दुकानात तो कुणी सांगत नाही. दर आठवड्याला १५ टक्के, म्हणजे ९० लिटर, पंधरा लिटरच्या सहा बादल्या पाणी बदललंत तर ८० चे ६८, मग ५८, ४९, ४२. महिन्यात जवळजवळ निम्मं. पण हे तेव्हाच, जेव्हा नवीन नायट्रेट काहीच तयार होत नाही! समजा, तुमच्या टाकीत आठवड्याला १० ची भर पडते. मग कितीही वर्षं बादल्या वाहिल्यात तरी पाणी बदलायच्या आदल्या दिवशीचा आकडा ६७ च्या आसपास अडकून राहील. तीच भर ५ वर आणलीत, तर तेवढ्याच बादल्यांत तो हळूहळू ३३ कडे उतरेल. म्हणजे आधी आवक आवरायची. तुमची भर किती, ते काढायला एक आठवडा पाणी न बदलता पहिल्या आणि शेवटच्या दिवशी तपासा.

आवकीचं कारण तुमच्या पत्रातच आहे, दुसऱ्या पानावर. सकाळी तुम्ही खाणं घालता, संध्याकाळी यजमान घालतात आणि शनिवार-रविवारी नातवंडं आली की त्यांच्या मुठी. लेक होता तेव्हा एकच हात होता! खाण्याचा डबा आजच फडताळात वर ठेवा आणि हे काम एकाच माणसाकडे द्या. माझं ऐकाल तर यजमानांकडेच द्या, मग ते विकायची भाषा सोडतील. दोन मिनिटांत चाटूनपुसून संपेल इतकंच घालायचं. गोठवलेल्या खाण्याच्या वड्या थेट टाकीत टाकू नका. वाटीत विरघळवून, चहाच्या गाळणीत धुऊन घ्या. मासे उपाशी मात्र ठेवायचे नाहीत. टँगला रोज चरायला लागतं, त्याला नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापड चिमट्यात लावून द्या आणि उरलेला तासाभराने काढून घ्या.

दुसरी आवक घाणीची. पाणी गाळायची पिशवी आणि स्पंज यांत अडकलेला गाळ पाण्याबाहेर गेलेला नसतो, तो तिथेच कुजत असतो. पिशवी दर तीन-चार दिवसांनी बदलायची, धुवायला साबण लावायचा नाही. खालच्या टाकीत प्लास्टिकचे गोळे असतील तर ते आठवड्याला थोडे थोडे काढा, सगळे एकदम नकोत. वाळूचा थर उथळ असेल तर पाणी बदलताना चौथा हिस्सा तेवढा नळीने साफ करा. चार-पाच इंचांचा जुना थर असेल तर त्याला हात लावू नका. त्याच्या पोटात सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू असतो.

स्किमरचं काम तर तुम्हाला लगेच कळेल. साखरेच्या पाकात दुधाचा चमचा घातला की मळी वर येते आणि आपण ती काढून टाकतो, तसंच हे. घाण कुजायच्या आधीच फेसाबरोबर बाहेर. पण त्याच्या गळ्याला ओशट थर बसला की फेस चढत नाही. तो गळा आठवड्यातून दोनदा पुसायचा.

नव्या पाण्याचं एक सांगायलाच हवं, कारण ही चूक घरोघर होते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचं पाणी वापरू नका. चवीसाठी त्यात पुष्कळदा खनिजं घालतात किंवा नळाचं पाणी मिसळतात. टाकीसाठी आरओ-डीआय लागतं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. ९० लिटरला मत्स्यालयाचं मीठ सव्वातीन किलोच्या आसपास लागतं. आदल्या रात्री कालवून पंप लावून ठेवा, सकाळी खारटपणा आणि तापमान टाकीशी जुळवूनच ओता. जेवणातलं मीठ चालत नाही, आणि शहराच्या किनाऱ्यावरून आणलेलं समुद्राचं पाणीही नको.

दुकानदार ‘समुद्रातून ताजा काढलेला’ जिवंत दगड देऊ करेल, तो घेऊ नका. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्या दगडांवर ते असू शकतात. सच्छिद्र सिरॅमिकच्या विटा मिळतात. सावकाश का होईना, त्यांत जिवाणू वस्ती करतात.

हे सगळं तीन आठवडे नीट बसलं की मग दोन उपाय. खालच्या टाकीत कीटोमॉर्फा नावाचं, घासणीसारखं गुंतलेलं हिरवं शेवाळ ठेवा. त्याचा दिवा रात्री लावायचा, वरचे दिवे बंद असतात तेव्हा. ते नायट्रेट खाऊन वाढतं. दर पंधरा दिवसांनी मेथीच्या जुडीसारखं निम्मं खुडून बाहेर टाका. खुडलं नाही तर उपयोग नाही, हिशेबातून वजा होतं ते बाहेर गेलेलंच.

दुसरा उपाय व्हिनेगरचा. साधं पांढरं, पाच टक्क्यांचं, मसाला-रंग नसलेलं. ते खाऊन जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट आणि थोडं फॉस्फेट घेतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. ६०० लिटरला रोज एक चहाचा चमचा, सकाळी, पंपाच्या प्रवाहात थेंब थेंब. आठवडाभर तेवढंच ठेवून आकडा बघा, मग फार तर अर्धा चमचा वाढवा. पाणी दुधाळ दिसलं किंवा मासे वर येऊन धापा टाकायला लागले तर तात्काळ बंद करा, कारण हे जिवाणू प्राणवायूही ओढतात. वीज गेलेली असेल किंवा स्किमर बंद असेल त्या दिवशी अजिबात घालायचं नाही. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात नसेल तर तो आधी आणा, व्हिनेगर नंतर.

आकडा शून्यावर न्यायचा हट्ट धरू नका. मऊ प्रवाळांना ५ ते १० छान मानवतं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही पार संपली की प्रवाळ फिके पडतात आणि वाळूवर चिकट तपकिरी तारा सुटतात, त्या निस्तरणं याहून कठीण. दिवाळीपर्यंत ८० चे २०-२५ झाले तरी पुष्कळ झालं, बाकीचं नाताळपर्यंत उतरेल. आणि लेकाला आजच फोन करून ८० चा आकडा सांगा. नऊ वर्षं टाकी सांभाळलेल्या मुलाने हा आकडा कधी ना कधी पाहिलेलाच असणार.

चार आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. नायट्रेटबरोबर फॉस्फेटचा आकडाही कळवा, तो तुमच्या पत्रात राहून गेला आहे. आणि टाकीच्या व्हिनेगरची बाटली वेगळी ठेवून तिच्यावर चिठ्ठी डकवा. आमच्याकडे ती एकदा कांद्याच्या लोणच्यात गेली आणि दुसऱ्या दिवशी टाकीत पडलं ते मिरच्या घातलेलं व्हिनेगर.