पदवीचे कौतुक

धुळ्याहून येणारा महामार्ग सुरतेजवळ मुंबई-अहमदाबाद मार्गाला मिळतो. याच वाटेने खानदेशातली कितीतरी कुटुंबे सुरतेच्या कापडधंद्यात आली. अशा घरातले मूल आर्किटेक्ट झाले की आईबापांचा ऊर भरून येतो. काहींना हे निव्वळ कागदाचे कौतुक वाटते. पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयातले शिक्षण अर्धवट सोडूनही वास्तुकलेचा 2018चा प्रित्झकर पुरस्कार मिळवला, हा या मंडळींचा आवडता दाखला. पण दोशींची उमेदवारी पॅरिसला ख्यातनाम आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली झाली. ती सोय कितीजणांना? शिवाय 1972च्या आर्किटेक्ट कायद्यानुसार नोंदणीविना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि नोंदणीला मान्यताप्राप्त पदवी लागते. सुरुवातीचा पगार तुटपुंजा, हा आक्षेप मात्र खरा. पण कमावत्या वयातल्या मुलाला पाच वर्षे ड्रॉइंग-बोर्डावर बसू देणाऱ्या घराने तो हिशेब आधीच केलेला असतो.