आजीचा फोटो राहून गेला

आमच्या घरी पुढच्या खोलीत भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. त्याखाली आई-वडिलांचा फोटो आहे, मामांचाही आहे. आजीचा मात्र नाही. पाहुणे येतात, विचारतात, "म्हातारीचा एकही फोटो नाही का हो?" आम्ही नाही म्हणतो आणि चहाचे बघायला आत जातो. आज मात्र त्याचे कारण सांगायचे ठरविले आहे, कारण तो दोष आमचाच आहे.

आमचे मामा मुंबईला कापड गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप लांबला, चूल थंडावली आणि हजारो कुटुंबांप्रमाणे मामांनीही गावाची वाट धरली. पाटोद्याला ते उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि चामड्याच्या पिशवीत एक कॅमेरा एवढीच इस्टेट होती. चांगले दिवस होते तेव्हा त्यांनी तो जुन्या बाजारातून घेतला होता. आग्फा क्लिक थ्री त्याचे नाव. हा कॅमेरा आपल्या देशातच, बडोद्याला तयार होत असे. त्या काळात अनेक साध्या घरांत आलेला पहिला कॅमेरा हाच होता.

त्याची रचना अगदी सोपी. सेल नाही, फ्लॅश नाही, काटा जुळविणे नाही. ऊन आणि ढग अशा दोन खुणा होत्या. कडक ऊन असेल तर एक, आभाळ असेल तर दुसरी. माणूस दहा फुटांवर उभा करायचा, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. आत १२० नंबरचा रोल बसे. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो निघत. फिल्मच्या पाठीशी काळा कागद असे आणि त्यावर आकडे छापलेले असत. कॅमेऱ्याच्या पाठीवर लाल काचेची लहानशी खिडकी असे, तिच्यातून आकडा बघत रोल पुढे सरकवायचा. त्या काळी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' नावाचा काळा-पांढरा रोल मिळे. हा कारखाना १९६० साली स्थापन झाला होता. आता तोही बंद पडला आहे.

१९९१ च्या श्रावणातली गोष्ट. आम्ही अकरा वर्षांचे होतो. मामा म्हणाले, सौताड्याला जाऊ. जामखेड रस्त्यावरचे सौताडा आमच्या तालुक्यातील लोकांना नवे नाही. पावसाळ्यात विंचरणा नदी तेथे कड्यावरून खोल दरीत उडी घेते. आई, मावशी, आम्ही चार भावंडे, मामा आणि आजी असे सगळे एसटीने निघालो. भाकरी, ठेचा आणि भुईमुगाच्या शेंगा बांधून घेतल्या होत्या. आजी सहलीला म्हणून घराबाहेर पडली ती आयुष्यात प्रथमच. एरवी तिचे बाहेर पडणे म्हणजे ऊसतोड. दसरा झाला की मुकादमाची उचल अंगावर घेऊन निघायचे आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत यायचे. बीड जिल्ह्यातील किती बायांचे आयुष्य असे गेले आहे, हे आपणास सांगायला नको.

धबधबा पाहून आम्ही पोरे हरखून गेलो. "मामा, ह्याचा काढा, इकडून काढा." मामांनी पहिले चार फोटो धबधब्याचेच काढले. मग आम्हा पोरांचे काढले, मग आई-मावशीचे. आजीला म्हटले की ती पदर तोंडावर घ्यायची. "उगं रोल वाया घालू नको बाबा. मला म्हातारीला काय करायचा फोटू? लेकरायचे काढ." शेवटी लाल खिडकीत बाराचा आकडा आला तेव्हा मामांनी तिला हाताला धरून दगडावर बसविले. "माय, एवढा एकच. नाही म्हणू नको." आजीने डोक्यावरचा पदर नीट केला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोर बघितले. खटका दाबला गेला.

परतीला फाट्यावर एसटीची वाट बघत होतो. मामा चहाला गेले आणि कॅमेरा आमच्याकडे दिला. जाताना बजावून गेले की, पाठ उघडू नको, अजून कागद पूर्ण गुंडाळायचा आहे. पण आम्हाला घाई झाली होती. आजीचा फोटो आत कसा दिसतो ते बघायचे होते. कुणाचे लक्ष नाही असे पाहून आम्ही कडी सरकविली आणि भर उन्हात कॅमेऱ्याची पाठ उघडली. आत फोटो नव्हताच. नुसता काळा कागद होता. झटकन बंद केले आणि कुणाला काही बोललो नाही.

चार दिवसांनी मामा रोल धुवायला देऊन आले तेव्हा आम्हीही सोबत होतो. फोटोवाल्याने ओली निगेटिव्ह उजेडाकडे धरून दाखविली. म्हणाला, "मास्तर, रोल जळाला की." फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. खटका दाबला की क्षणभर प्रकाश आत येतो आणि त्या थरावर चित्र उमटते, पण ते धुण्यापूर्वी दिसत नाही. प्रकाश नको तेवढा लागला की सगळेच काळे पडते. शिवाय घेतलेले फोटो रिळावर एकावर एक गुंडाळले जातात. आधी काढलेले आत आणि शेवटी काढलेले सर्वांत वर. उन्हाचा मार वरच्या थरांना बसतो, आतले थर पुष्कळदा वाचतात. आमच्या रोलचेही तसेच झाले. पहिले सहा फोटो वाचले. त्यांत धबधब्याचे चारही होते. बाराव्या जागी कोळशासारखा काळा चौकोन होता.

मामांनी आमच्याकडे एकदाच बघितले. हात उगारला नाही. "पुढच्या बारीला काढू," एवढेच म्हणाले. पुढची बारी आली नाही. मामांच्या हाताला धड काम नव्हते, रोल आणणे लांबत गेले आणि १९९२ च्या उन्हाळ्यात आजी गेली. निवडणूक आयोगाने फोटो असलेले ओळखपत्र काढण्याचे ठरविले ते १९९३ साली. गोरगरीब घरांतील कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा पहिला फोटो त्या कार्डासाठी निघाला. आजीच्या वाट्याला तोही आला नाही. धबधबा मात्र दर पावसाळ्यात असतो. त्याचे फोटो हवे तेवढे निघतात.

हे सारे आज लिहायचे कारण असे की, मामांच्या पश्चात तो कॅमेरा आमच्याकडे आला. कचेरीतून आल्यावर एका रविवारी आम्ही तो पुसून काढला. लेन्सवरची धूळ मऊ कापडाने झटकली. पाठ उघडून दिव्यासमोर धरली आणि खटका दाबून पाहिला. पडदा उघडतो नि मिटतो. चाळीस वर्षांहून जुनी वस्तू, पण बिघडायला आत फारसे काही नाहीच. १२० नंबरचे रोल आजही निघतात. मोठ्या शहरांतील दुकानदार पोस्टाने पाठवितात आणि धुऊन देणाऱ्या लॅबही आहेत.

कचेरीतले सहकारी हसले. "साहेब, खिशात मोबाइल असताना ही हौस कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही बी.कॉम. झालेलो, हिशेबाशिवाय बोलत नाही. रोल, धुलाई, टपालखर्च आणि कागदावरच्या प्रती धरून एका रोलला साधारण दीड हजार रुपये पडतात. म्हणजे एका फोटोला सव्वाशे. मजुरी करणाऱ्या माणसाला हा खर्च परवडणारा नाही आणि कोणी उगाच करावा असे आमचे म्हणणेही नाही. पण मोबाइलचा हिशेबही मांडून पाहा. आमच्या मोबाइलमध्ये दोन हजारांच्या वर फोटो होते. गेल्या वर्षी तो पाण्यात पडला आणि सगळे गेले. त्यातला एकही आम्ही कागदावर उतरविला नव्हता. १९९१ ला रोल जाळला, त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी पुन्हा तेच केले.

म्हणून गेल्या श्रावणात आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या मुलामुलींसमोर एक विचार मांडला. वर्गणी काढून एकच रोल आणायचा. सौताड्याला जायचे. सोबत वस्तीतील बारा वडीलधारी माणसे न्यायची आणि बारा फोटो त्यांचेच काढायचे. धबधबा डोळ्यांनी बघायचा. मुलांना हे पटकन पटले नाही. कोणी म्हणाले, नायगावच्या अभयारण्यात जाऊ, मोरांचे फोटो काढू. बालाघाटाच्या डोंगरातले हे मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झाले. आम्ही समजावले की, बाबांनो, ह्या कॅमेऱ्यात शंभर पावलांवरचा मोर मोहरीएवढा दिसेल. हा कॅमेरा दहा फुटांवरच्या माणसासाठी केलेला आहे.

टेम्पो ठरविला आणि गेलो. रोल सावलीत बसविला. लाल खिडकी अंगठ्याने झाकून ठेवायला शिकविले. मग एकेका मुलाने एकेका माणसाचा फोटो काढला. बाराच फोटो आहेत म्हटल्यावर पोरे किती जपून वागतात! उन्हाकडे बघतात, आजोबांची टोपी नीट करतात, मागे खांब येतो का ते पाहतात. एक आजी म्हणाल्या, "हसू का नको?" सगळे हसले आणि त्याच क्षणी मुलीने खटका दाबला. दुसरी एक मुलगी वहीत लिहून घेत होती. फोटो कितवा, नाव काय, माहेर कोणते, आयुष्यभर काम काय केले. फोटो काढण्यापेक्षा ह्या लिहिण्याला जास्त वेळ लागला, कारण म्हातारी माणसे बोलू लागली ती थांबेनात. कोणत्या साली कोणत्या कारखान्यावर होतो, बैल कधी विकला, मुलाला शाळेत कसे घातले. नातवंडे हे पहिल्यांदाच ऐकत होती. या वेळी बारावा फोटो झाल्यावर कागद शेवटपर्यंत गुंडाळला, चिकटपट्टीने घट्ट बंद केला आणि तेव्हाच पाठ उघडली. ते काम आम्ही कुणाला करू दिले नाही.

निकाल यायला पंधरा-वीस दिवस लागले. दोन फोटो हलले होते आणि एक फार काळा आला. नऊ उत्तम निघाले. राहिलेल्या तिघांचे त्याच आठवड्यात मोबाइलने काढले आणि तेही छापून घेतले. एका बाबांनी आपला फोटो बराच वेळ हातात धरला. म्हणाले, "आजवर जेवढे फोटू काढले, तेवढे सगळे कार्डासाठीच. रेशनचे, बँकेचे, निराधारच्या अर्जाचे. उगंच म्हणून कुणी आपला फोटू काढला, ही पहिली येळ." आम्हाला काय बोलावे सुचेना.

वाचक बंधू-भगिनींनो, ही हौसेचीच गोष्ट आहे असे समजू नका. कॅमेरा पूर्वी फार थोड्यांच्या हाती होता आणि ज्याच्या हाती असे तो आपल्या लोकांना काढी. आपली माणसे कुणी काढायची? ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून ती फिल्मवर टिपली. त्यांनी त्या दिवशी खर्चाचा विचार केला असता तर तो जनसागर आज आपण डोळ्यांनी पाहू शकलो नसतो. आपल्या घरातील म्हातारी माणसे थोर पुढारी नसतील, पण आपल्यापुरता इतिहास तीच आहेत.

त्या बारांपैकी एक आजी दिवाळीनंतर वारल्या. "हसू का नको" म्हणणाऱ्या त्याच. आपल्याकडे अशा वेळी घाईघाईने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात. डोळे तारवटलेले, चेहरा ओळखू येत नाही. त्यांच्या पुण्यानुमोदनाला मात्र सौताड्याचा फोटो होता. मोठ्याने हसणारी आजी. फोटो काढणारी ती मुलगी पुढे येऊन मेणबत्ती लावून गेली.

तेव्हा येत्या सुट्टीत सहलीला जाल तर एवढे करा. जुना कॅमेरा घरात असेल तर भंगारात देऊ नका, रोल घालून बघा. नसेल तर मोबाइल आहेच. पण आधी माणसांचे फोटो काढा, देखावा मागून. त्यातही सगळ्यात वयस्कर माणसाचा पहिला. नको म्हणाले तरी काढा. त्यातले चार कागदावर उतरवा. मागे शिसपेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. काळा-पांढरा फोटो नीट धुतलेला असेल तर रंगीतपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, म्हणून एखादा तसाही करून घ्या. पुस्तकात किंवा पत्र्याच्या डब्यात ओल लागणार नाही असा ठेवा.

आमच्या भिंतीवरची ती जागा अजून मोकळी आहे. दगडावर बसून, पदर नीट करून समोर बघणारी आजी आम्हाला स्पष्ट दिसते. पण आमच्या मुलांना ती दाखविता येत नाही.