चष्मा घेताना चेहरा ओळखा

मुलीला चष्मा लागला की घरात दोन काळज्या सुरू होतात. एक पैशाची आणि दुसरी ‘आता ही दिसेल कशी?’ याची. पहिली काळजी उघड बोलली जाते. दुसरी मनातच राहते आणि मग आणलेला चष्मा दप्तरात पडून राहतो. फळ्यावरचे दिसत नाही, मुलगी मागे पडते आणि आपण म्हणतो की तिचे अभ्यासात लक्षच नाही. म्हणून दिसण्याचा हा प्रश्न आम्ही क्षुल्लक मानत नाही. चेहऱ्याला शोभणारा चष्मा मुले आनंदाने लावतात. त्यासाठी महाग फ्रेम लागत नाही, चेहऱ्याची ठेवण तेवढी ओळखावी लागते.

ठेवण कशी ओळखावी?

केस मागे घट्ट बांधून उजेडात आरशासमोर उभे राहावे. मान न हलवता, एक डोळा मिटून, आरशात दिसणाऱ्या चेहऱ्याची कड साबणाच्या कोरड्या वडीने आखावी. मग शिवणकामाच्या टेपने चार मापे घ्यावीत : कपाळाची रुंदी, गालाच्या हाडांजवळची रुंदी, जबड्याची रुंदी आणि कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंतची लांबी. टेप नसेल तर दोरा घ्यावा आणि पट्टीवर मोजावा.

लांबी-रुंदी जवळपास सारखी आणि गाल भरलेले असतील तर चेहरा गोल. कपाळ, गाल, जबडा सारखेच रुंद आणि जबड्याचे कोन स्पष्ट असतील तर चौकोनी. लांबी रुंदीच्या दीडपटीच्या आसपास आणि हनुवटी निमुळती असेल तर अंडाकृती. त्याहूनही लांब असेल तर लांबट. कपाळ रुंद आणि हनुवटी टोकदार असेल तर तो पिंपळपानासारखा. पुष्कळांचा चेहरा दोन प्रकारांच्या मधला असतो. भगिनींनो, यात चांगला-वाईट असा एकही प्रकार नाही. हे माप आहे, जसे ब्लाऊजचे किंवा चपलेचे असते.

कोणाला कोणती फ्रेम?

चेहऱ्यात जो आकार आहे तोच फ्रेममध्ये आला की तो अधिक उठून दिसतो. उलट आकार घेतला की समतोल साधतो. गोल चेहऱ्याला कोन असलेली, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली फ्रेम बरी दिसते. चौकोनी चेहऱ्याला गोलसर कडांची. लांबट चेहऱ्याला उंच काचेची घ्यावी. अरुंद, बारीक फ्रेमने तो आणखी लांब दिसतो. पिंपळपानी चेहऱ्याला वरची कड हलकी असलेली पातळ फ्रेम शोभते. अंडाकृती चेहऱ्याला बहुतेक आकार चालतात. केसांचेही तसेच. गोल चेहऱ्यावर केस वरच्या बाजूला थोडे फुगवावेत, लांबट चेहऱ्यावर कानांजवळ सैल सोडावेत.

मात्र शोभेआधी बसणे पाहावे. फ्रेमची रुंदी चेहऱ्याएवढी असावी, कानशिलाला टोचू नये. डोळ्याची बाहुली काचेच्या मध्याजवळ यावी. हसल्यावर फ्रेम गालाला टेकू नये. नाक बसके असेल तर पुढेमागे करता येणाऱ्या नोजपॅडची धातूची फ्रेम घसरत नाही. लांबचे न दिसणाऱ्यांचा नंबर मोठा असेल तर काचेच्या कडा जाड होतात. त्यांनी लहान फ्रेम घ्यावी. चाळिशी लागलेल्यांना लांबचे आणि जवळचे एकाच काचेत हवे असेल तर काच पुरेशी उंच असावी.

काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे असतात. पहिला काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधले अंतर, तिसरा काडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा नीट बसत असेल तर हे आकडे कागदावर लिहून न्या. चष्मेवाला साधी फ्रेम दाखवो की भारी, आपले माप आपल्या हातात राहील.

पैशाची अडचण असेल तर शाळेत आणि सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांची नेत्रतपासणी आणि गरजूंना मोफत चष्मा यांची तरतूद आहे. तिथे फ्रेमचे दोन-तीनच प्रकार असले तरी त्यातला एक मुलाला स्वतः निवडू द्यावा.

चष्म्याने नंबर वाढतो, ही समजूत चुकीची आहे. वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांब होतो, त्याने लांबचे न दिसण्याचा नंबर वाढतो. म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी. ‘चष्मिस’ म्हणून चिडवणे घरात तरी कोणी करू नये, भावांनी तर नाहीच. ‘चष्मा लावला तर मुलगी कोणी पसंत करणार नाही’ असे तिच्यासमोर म्हणू नये. ती ते ऐकते आणि चष्मा काढून ठेवते. चष्मा आणल्यावर महिन्याने तिला जवळ बसवून विचारा, ‘फळ्यावरचे नीट दिसते ना? फ्रेम आवडते ना?’ उत्तर ‘नाही’ आले तर रागावू नका, पुन्हा चष्मेवाल्याकडे न्या. काड्या वाकवून, नोजपॅड सारखे करून घेतले की बऱ्याचदा तेवढ्यावर भागते.