चाचा उशिरा का येत होते

कोलकात्याला असताना माझ्याकडे नेहमीच्या कामाखेरीज मेस सेक्रेटरीची जबाबदारी होती. फौजी वाचकांना सांगायला नको, ही जबाबदारी कुणी मागून घेत नाही. डाळीत मीठ कमी पडलं तरी तुम्ही, गीझर बंद पडला तरी तुम्ही, वेटर उशिरा आला तरी तुम्हीच.

आमच्या मेसमध्ये पन्नाशी ओलांडलेले एक सिव्हिलियन वेटर होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, इथेही तेच नाव राहू द्या. दहाला त्यांची पाळी सुरू व्हायची. २०१८ च्या पावसाळ्यात ते एका महिन्यात चार वेळा उशिरा आले. चौथ्या वेळी नेमकं पाहुण्यांचं जेवण होतं, टेबल लागलं नव्हतं, आणि एका वरिष्ठांनी त्यावरून मला दोन शब्द ऐकवले. मी ते चार करून चाचांना ऐकवले. "टाइम मतलब टाइम, चाचा." वर अर्ध्या दिवसाची रजा कापली. ते "जी साहब" म्हणाले आणि प्लेटा पुसायला निघून गेले.

दोन दिवसांनी आमचा मेस हवालदार, साताऱ्याकडचा गडी, माझ्याकडे आला. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "साहेब, रागावणार नसाल तर सांगतो. चाचा सायकलवर येतात. हमरस्त्यानं आले की अडवतात, दंड लावतात. गल्लीबोळातनं आले की उशीर होतो." मग जरा थांबून, "तुम्ही पण सायकल चालवता की साहेब. तुम्हाला कधी कुणी अडवलं का?"

नव्हतं अडवलं.

मी रोज पहाटे मैदानाला वळसा घालायचो आणि सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत शहरात हिंडायचो. गियरची सायकल, डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणारा टी-शर्ट. एकदा तर चौकातल्या पांढऱ्या गणवेशातल्या सार्जंटनं मला हात करून गुड मॉर्निंग घातलं होतं. केसांचा कट पाहून ओळखलं असेल, किंवा सायकलची किंमत पाहून. त्या शहरातल्या मोठ्या रस्त्यांवर सायकलला बंदी आहे हे मला वर्षभर तिथे राहूनही माहीत नव्हतं. नियम सगळ्यांसाठी होता. त्याची मला कधी गरजच पडली नव्हती, म्हणजे तो मला लागूच झाला नव्हता.

कोलकाता पोलिसांनी २००८ मध्ये काही प्रमुख रस्त्यांवर सायकलींना मनाई केली. २०१३ मध्ये ही यादी १७४ रस्त्यांपर्यंत गेली, आणि सायकलीबरोबर हातगाडी, ठेला अशी माणसाच्या अंगबळावर चालणारी इतर वाहनंही तिच्यात आली. ओरड झाल्यावर यादी थोडी आखडली, पण विचार तोच राहिला. कारण दोन सांगितली जातात. हळू वाहनांमुळे वाहतूक तुंबते, आणि मोठ्या रस्त्यावर सायकलस्वाराचा जीव धोक्यात येतो. म्हणजे बंदी त्याच्याच भल्यासाठी.

एका सुट्टीच्या दिवशी मी ठरवलं की चाचांच्या वाटेची रेकी करायची. त्यांना म्हटलं, उद्या मी तुमच्याबरोबर येणार. त्यांना वाटलं ही नवी चौकशी निघाली. कसंबसं समजावलं.

ते तिलजला भागात राहायचे. तिथून पार्क सर्कसला यायचं आणि पार्क स्ट्रीट धरून थेट मैदान गाठायचं, ही सरळ वाट पंचवीसएक मिनिटांची. आम्ही गेलो तो रस्ता वेगळा होता. एलियट रोड, रिपन स्ट्रीट, मग फ्री स्कूल स्ट्रीटच्या बाजूच्या गल्ल्या. दुतर्फा लावलेल्या गाड्या, माल उतरवणारे टेम्पो, उघडी गटारं, आणि समोरून एकेरी रस्त्यावर उलटे येणारे मोटारसायकलवाले. रात्री पाऊस पडून गेला होता. एलियट रोडवर ट्रामचे रूळ ओले होते, माझं पुढचं चाक खाचेत अडकलं आणि मी सपशेल आडवा झालो. गुडघा फुटला. मागून येणारी टॅक्सी हातभर अंतरावर थांबली. चाचांनी मला उठवलं आणि ज्या स्वरात मी त्यांना वेळेचं महत्त्व सांगितलं होतं त्याच्यापेक्षा खूपच मऊ स्वरात म्हणाले, "साहब, पटरी को तिरछा काटना पड़ता है."

शेवटी चौरंगी ओलांडायची होती. जिथून गल्ली बाहेर पडते तिथे मध्ये रेलिंग. चाचा उतरले, पिशवी खांद्याला अडकवली, सायकल उचलली, रेलिंगपलीकडे सोडली आणि मागून स्वतः चढून गेले. भरधाव बसांच्या मधोमध. पन्नास मिनिटं लागली होती.

एनडीएमधून बाहेर पडलेल्या माणसाला सायकल उचलणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. खडकवासल्याला तीन वर्षं आमचं आयुष्य सायकलवरच चाललं. क्लासला सायकल, पीटीला सायकल, पोहायला सायकल, तीही रांग धरून. पंक्चर असली, रांग मोडली, सीनियरला तुमचा चेहरा आवडला नाही, की तीच सायकल डोक्यावर घेऊन पळायचं. याला रगडा म्हणतात, आणि आम्ही तो अजून हसत हसत आठवतो, कारण त्याच्या शेवटी खांद्यावर तारे लागणार होते. चाचांच्या रगड्याच्या शेवटी माझा लेट मार्क होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. ती सायकल त्यांची नव्हतीच, मुलीची होती. पश्चिम बंगाल सरकार २०१५ पासून 'सबुज साथी' योजनेखाली नववी ते बारावीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलामुलींना सायकली देतं. आजवर एक कोटीहून अधिक वाटल्या गेल्या. माझ्या मते देशातल्या चांगल्या योजनांपैकी ही एक आहे. मुलगी बारावी झाली, सायकल बापाकडे आली. म्हणजे एका हातानं राज्यानं दिलेली सायकल घेऊन बाप राज्याच्या राजधानीत शिरला की दुसरा हात त्याला शिट्टी वाजवून बाजूला घ्यायचा. त्या शिट्टीवाल्या पोलिसाला मी दोष देत नाही. तो हुकूम बजावत होता. मीही माझ्या टेबलामागे बसून तेच करत होतो.

वर्दीतल्या माणसानं राजकारणात पडू नये, आणि मी पडणारही नाही. पण रस्ता कुणाला किती द्यायचा हा प्रश्न पक्षांच्या कितीतरी आधीचा आहे. कोलकात्याच्या एकूण क्षेत्रफळात रस्त्यांचा वाटा जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. एवढी टंचाई असेल तर साधा हिशेब असा की जो कमी जागा घेतो त्याला आधी सामावून घ्या. आपण उलट करतो. चार जणांच्या गाडीत एकटा बसलेला माणूस रस्ता अडवतो, पोचल्यावर तीच गाडी रस्त्याच्या कडेला दिवसभर उभी करतो, आणि वाहतूक तुंबवल्याचा ठपका दुधाच्या किटल्यांवाल्यावर येतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या साधारण ४५ टक्के घरांत सायकल होती, आणि मोटार पाच टक्क्यांपेक्षाही कमी घरांत. गाड्या त्यानंतर वाढल्या, मान्य. पण रस्ते त्या पाच टक्क्यांचे असल्यासारखे आखायला आपण त्याच्या आधीच सुरुवात केली होती. गंमत म्हणजे केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटलं आहे की भर वाहनं हलवण्यावर नको, माणसं हलवण्यावर हवा. धोरण उत्तम आहे. चाचांच्या रेलिंगपर्यंत ते पोचलं नाही एवढंच.

आता सुरक्षेचा मुद्दा. तो खोटा नाही, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साधारण ४६०. कारगिलमध्ये आपण ५२७ जण गमावले आणि त्यांची नावं आपण दगडात कोरली, कोरायलाच हवीत. रस्त्यावर तेवढी माणसं सव्वा दिवसाच्या आत जातात. मेलेल्यांत जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा. मग पायी चालण्यावरही बंदी घालायची का? मारणारी गोष्ट वेग आहे. ताशी ५० नं येणाऱ्या गाडीच्या धडकेत ताशी ३० च्या धडकेपेक्षा पावणेतीन पट ऊर्जा असते, हे आम्हाला पहिल्या टर्मच्या फिजिक्समध्ये शिकवलं होतं. धोका जिथून येतो तिथे आवर घालायचा सोडून ज्याच्यावर येतो त्यालाच हटवायचं, याला फौजेत कुणी संरक्षण म्हणणार नाही. गाव वाचवायचं असेल तर तोफ गप्प करतात, गावाला उठवून लावत नाहीत.

आणि तो हटतो म्हणजे जातो कुठे? कामाला तर यावंच लागतं. तो गल्लीत जातो, उलट्या दिशेनं येतो, रेलिंगवरून चढतो. मग आपणच म्हणतो, या लोकांना शिस्त नाही.

मी सिक्कीममध्ये होतो, त्याआधी काश्मीरमध्ये. डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर चढणारीला वाट द्यायची, हा नियम ट्रकवाल्यापासून जनरलच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे पाळतात. कारण चढणारी गाडी थांबली तर पुन्हा उचलताना तिचा दम निघतो. जो आपल्या ताकदीनं वर येतोय त्याला थांबायला लावू नका, एवढाच अर्थ. कॉन्व्हॉयचा वेगही सगळ्यात जड गाडीवर ठरतो, कमांडरच्या जिप्सीवर नाही. बर्फात, दरीच्या कडेला आपल्याला हे जमतं. सपाटीवर आल्यावर काय होतं कोण जाणे.

हे जमतच नाही असंही नाही. चंडीमंदिरला असताना चंडीगढमधून जायचो. तिथे शहराच्या मूळ आराखड्याच्या विचारातच सायकलची वेगळी वाट होती आणि आता मोठ्या रस्त्यांच्या कडेनं ती बऱ्याच ठिकाणी बांधलेली आहे. थंडीत मफलर गुंडाळून, हँडलला डबा लावून कामगार ओळीनं जाताना दिसतात. मोटारसायकली त्यात घुसतात, काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी फरशा उचलल्या आहेत. सगळं छान आहे असं नाही. पण तिथे तो माणूस चोरासारखा जात नाही.

आपल्या पुण्याबद्दल काय बोलायचं! माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. भोंगा झाला की हॅरिस पुलावर नुसत्या सायकलीच सायकली. लांबून वडील ओळखू यायचे नाहीत, म्हणून मी त्यांच्या घंटीचा आवाज पाठ केला होता. नव्वदीनंतर गाड्या वाढल्या. शेजारच्या एका काकांना ट्रकनं उडवलं आणि आईनं हट्ट धरून वडिलांना लूना घ्यायला लावली. असे हजारोंनी सोडली सायकल, हौस म्हणून नाही, भीतीनं. आणि मग ट्रॅक बांधायची वेळ आली तेव्हा सगळे विचारायला लागले, पण चालवतं कोण हल्ली? जे ट्रॅक झाले त्यांवर वडापावच्या गाड्या उभ्या राहिल्या. अजूनही भल्या सकाळी कोथरूडच्या उतारावर जा, वॉचमन दिसतील, घरकाम करणाऱ्या बायका दिसतील. त्यांना कुणी सायकलप्रेमी म्हणत नाही. तो शब्द रविवारी सिंहगडला जाणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी राखीव.

आमची फौजही यातून सुटत नाही. मी स्वतः दोन सायकल मोहिमांत होतो. झेंडी, बँड, पुढे पायलट गाडी, मागे अ‍ॅम्ब्युलन्स, वाटेत हार. बाराशे किलोमीटर केले आणि एकदाही भीती वाटली नाही. वाटणार कशी? रस्ता आमच्यासाठी मोकळा केला होता. कधीतरी अशी मोहीम पायलट गाडीशिवाय, हेल्मेटशिवाय, मागे दुधाच्या किटल्या बांधून काढायला हवी.

चाचांचं म्हणाल तर मी फारसं काही केलं नाही. कापलेली रजा परत दिली, त्यांची पाळी साडेदहाची केली, माफी मागितली, जी त्यांना झेपली नाही. रहदारीच्या कुठल्याही वरिष्ठ अधिकाऱ्याशी बोललो नाही, लिहिलं नाही. माझ्या ओळखी होत्या, तरीही. पोस्टिंग संपलं आणि मी निघालो.

२०२० मध्ये टाळेबंदी उठत होती, बसा धड सुरू नव्हत्या, तेव्हा कोलकात्यात बऱ्याच रस्त्यांवर सायकलींना तात्पुरती मुभा मिळाली. मी तेव्हा राजस्थानात. संध्याकाळी चाचांचा फोन आला. खुशाली विचारली, मुलांचं विचारलं, आणि मग म्हणाले, "साहब, आज सीधे रास्ते से आया. पच्चीस मिनट."

मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, वा चाचा.

काही महिन्यांनी पुन्हा बोललो, तेव्हा मी विचारलं, अजून सरळच येता का? ते हसले. म्हणाले, मुलीचं लग्न ठरलंय, तारीख लिहून घ्या.